भुरीच्या गळ्यातली घंटी

सावली गावाहून जंगलाच्या अंगाला जाणारा रस्ता जिथं डांबर सोडतो, तिथून थोडं पुढं सालईटोला ही वस्ती लागते. या टोल्याची गुरं सुकरीबाई राखते. झाडीपट्टीत गुरं राखणाऱ्याला गायकी म्हणतात, आणि गायकी म्हटलं की डोळ्यापुढं पुरुषच येतो. सुकरीचा नवरा लटारू गायकी होता, त्याचा बाप गायकी होता. लटारू तापानं गेला तेव्हा गावात बैठक बसली. बाईमाणसानं गुरं रानात न्यावी का, यावर सकाळभर बोलणं चाललं. गोठ्यांत गुरं हंबरत होती. शेवटी कोणीतरी कंटाळून दारं उघडली, तर भुरी गाय सरळ चालत सुकरीपाशी येऊन उभी राहिली आणि भुरीमागं सगळा कळप. सुकरी उठली, काठी घेतली आणि निघाली. गुरंही निघाली. बैठक तशीच उठली. त्यावर पुन्हा कधी कोणी बोललं नाही.

अंगानं लहानखुरी, आवाज बारीक. शिव्या मात्र गुरांना ठसठशीत द्यायची, माणसांना कधी नाही. लेकरूबाळ झालं नाही. लटारू गेल्यावर तिचा भाऊ चिमूरहून आला होता, "चाल माह्यासंगं, इथी कोन हाये तुहं," म्हणून. ती गेली नाही. का गेली नाही, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. गुरं कोण नेईल, एवढंच ती म्हणाली.

भुरीच्या गळ्यात एक लाकडी घंटी असायची. वीतभर लांब, आतून पोखरलेली, धुरानं आणि पिढ्यांच्या हातांनी काळी पडलेली, आत दोन लाकडी लोळे. पितळेच्या घंटीसारखी ती किणकिणत नसे. टोक टोक, टोक टोक, एवढंच. ती कोणी कोरली, कुठल्या झाडाची, हे लटारूच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. तिचा गुण मात्र साऱ्या गावाला ठाऊक होता. तो आवाज ज्याच्या कानी पडला, त्याचे पाय घराकडं वळत. पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, शोधता शोधता रानात आत गेलेल्या बाया त्या आवाजावर परत आल्या होत्या. बाजारातून पिऊन निघालेले, धुक्यात बांध चुकलेले, लेकरं, म्हातारे, सगळे. घंटी कोणाला ओढून आणत नसे. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवावा आणि अलगद वळवावं, तसं वाटायचं म्हणत.

तिच्यासाठी गावात एक रीत होती. नवी सून आली की पहिल्याच संध्याकाळी घंटीची दोरी तिनं आपल्या हातानं गायीच्या गळ्यात बांधायची. दोरी न बांधता तो आवाज ऐकला, तर तिचे पाय माहेराकडं वळणार, हे ठरलेलं. सुकरीनंही बांधली होती. तेव्हा भुरी नव्हती, भुरीची पणजी होती. नवी नवरी गाठ मारत होती आणि गाय शांतपणे तिचा पदर चावत होती.

माघ संपत आला तेव्हाची गोष्ट. एका दुपारी एक म्हातारा सुकरीच्या अंगणात आला. डोक्याला पंचा, पायात टायरच्या चपला, खांद्याला पिशवी. बैल पाहायला सावलीच्या बाजारात आलो, म्हणाला. नाव डोमा. माडिया माणूस, मराठी तोडून तोडून बोलायचा. सुकरीनं पाणी दिलं, बसायला बाज दिली. दिवस कलला, गुरं परतू लागली, आणि टोक टोक ऐकू आलं तसा तो म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. सावकाश वळला आणि दूर रानापलीकडं बघत राहिला.

सुकरीला अशी माणसं ओळखू यायची. "घर त्या अंगाले हाये का, भाऊ?" तिनं विचारलं.

"होय. एटापल्लीच्या पुढं." मग तो म्हणाला, "हे किती दूर ऐकू जाते?"

"जितलं कानाले ऐकू येते तितलं."

"अन् मानूस लय दूर असला तं?"

"तं घंटी जवळ न्या लागन," सुकरी हसून म्हणाली. तिनं त्याला भात आणि लाखोरीची दाळ वाढली. तो अंगणात बाजेवर निजला.

सकाळी बाज रिकामी होती. भुरीचा गळाही रिकामा होता. गव्हाणीत, वैरणीवर नीट उभी करून, रानमधाची एक बाटली ठेवलेली होती.

पहिले दोन दिवस लोकांना काही फारसं वाटलं नाही. दुसऱ्या गावांत कुठं अशी घंटी असते, तिथले लोक घरी येतातच की. पण सालईटोल्याचे लोक पिढ्यान् पिढ्या त्या आवाजाच्या भरवशावर चालत आलेले. वाट ध्यानात ठेवायची सवयच त्यांच्या अंगात उरली नव्हती. आधी गुरं भरकटली. मग शेजारची गिरजाबाई सरपणाला गेली ती सावलीच्या बस स्टँडवर बसलेली सापडली. कोणत्या गावची, असं विचारलं तर ती नुसती बघत राहिली. मग खुशालभाऊंचं झालं.

खुशालभाऊ पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले. रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणार, गावातल्या बुद्धविहारात रविवारी पोरांना गोळा करून बसणार. ते स्वतः सुकरीच्या दारी आले. सोबत त्यांचा मुलगा प्रफुल होता, बापाचा हात धरून.

"सुकरीबाई, मी असला चमत्कार मानत नाई, तुले ठाऊक हाये," ते म्हणाले. "पन काल मी माह्याच दारापुढून दोनदा गेलो. आन् तिसऱ्यांदा उभा राहून सुनेले इचारलं, हे घर कोनाचं म्हून. ते काय हाये ते मले समजत नाई. तुले समजत असन तं कर काईतरी."

"घंटी आनाले जाते मी," सुकरी म्हणाली.

"कुठी जाशीन?"

"एटापल्लीच्या पुढं. डोमा नावाचा मानूस हाये."

"एटापल्लीच्या पुढं अख्खा मुलूख हाये, बाई."

"मंग पाहात पाहात जाईन."

गुरं गोठ्यात बांधून वैरण घालायचं काम प्रफुलनं अंगावर घेतलं. न्यायची गोष्ट अजीमभाऊंनी सोडवली. अजीमभाऊ सावलीचे. छोट्या टेम्पोत जर्मनची भांडी, प्लास्टिकच्या बादल्या घालून आठवडी बाजार करायचे, सालईटोल्यालाही यायचे. त्यांना त्या हप्त्यात आलापल्लीचा बाजार करायचाच होता. "बसा सुकरीबाई, मी नेतो आन् मीच वापस आणून सोडतो," ते म्हणाले. "मी काही तुमच्या गावचा नाही. मला रस्ता याद राहते."

मागं बादल्या खडखडत होत्या, पुढं सुकरी हातात मधाची बाटली घेऊन बसली होती. वैनगंगेचा पूल मागं पडला, गडचिरोली मागं पडली. चामोर्शीच्या पुढं कुठंतरी तिच्या मनात सहज आलं, आपल्या घराचं दार कोणत्या अंगाला आहे? सकाळी ऊन कुठून येतं? तिनं आठवून पाहिलं. आठवेना. अंगणात चिंच आहे की कडुलिंब, तेही आठवेना. चिमूरजवळचं माहेरचं घर मात्र लख्ख दिसत होतं, आईच्या चुलीसकट, चुलीपाशी निजणाऱ्या मांजरासकट. तीस वर्षं जिथं नांदली ते पुसट, आणि जिथून आली ते ठळक. ती बाटली घट्ट धरून बसली.

आष्टीला चहाला थांबले तेव्हा पहिला माग लागला. चहावाला एका गिऱ्हाइकाला सांगत होता, की त्याच्या भावानं मागच्या साली एटापल्लीकडं विकलेला बैल काल पुलावरून एकटाच चालत आला आणि जुन्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. नवा मालक मागोमाग आला, तर बैल हलायला तयार नाही.

अजीमभाऊ हसले. सुकरी हसली नाही. "वाजवून राह्यला तो," ती म्हणाली. "घंटी वाजवून राह्यला."

आलापल्लीला पोहोचले तर बस स्टँड माणसांनी फुललेला. बाया, बापे, डोक्यावर गाठोडी, बोटं मिरचीनं लाल. हे सगळे तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर, पण हंगाम अजून अर्धाही झाला नव्हता. सुकरी त्यांच्यातल्या एका बाईशेजारी जाऊन टेकली. स्वाती नाव तिचं, चामोर्शीकडची.

"एवढ्या लवकर काऊन वापस आले, बाई?" सुकरीनं विचारलं.

स्वाती थोडी लाजली. "सांगतलं तं हासान तुमी. आमी सिरोंच्याच्या पल्ल्याड तोडा करून राह्यलो होतो. नदीच्या अंगानं आवाज आला, लाकडावर लाकूड आपटते तसा. आन् मले माह्या चुलीचा वास आला. खरंच सांगतो. हात थांबले. सगळ्यांचेच थांबले. मालक वरडत राह्यला, आमी टोपल्या ठेवल्या आन् निंगालो."

"सगळेच?"

"सगळे. एक पत्रू तेवढा उलट्या अंगानं पळाला." स्वातीला ते आठवून हसू आलं. "आमच्या टोळीत होता तो, एटापल्लीकडचा. तिकडच्याच पोरीसंगं लगन केलं त्यानं, लहानशी लेक हाये. टोपली फेकून जो पळाला, तो बायको-पोरीच्या झोपडीतच जाऊन थांबला असन. आमी म्हन्लं, याचं डोस्कं फिरलं."

सुकरीचं ध्यान दुसरीकडं होतं. "वाजवनारा दिसला का?"

"पूल उतरून आलो तवा एक म्हातारा दिसला, डोस्क्याले पंचा. हातात काळं काईतरी होतं. एटापल्लीच्या गाडीत चढून राह्यला होता." तिचं हसू मावळलं. "रडत होता बिचारा."

तो मुक्काम अजीमभाऊंच्या एका ओळखीच्या घरी झाला. सकाळी एटापल्ली गाठलं तर काळीपिवळी जिथं लागते तिथं दहा-बारा बायांचा घोळका उभा होता, कडेवर लेकरं, हातात पिशव्या. वेगवेगळ्या गावांच्या गाड्या विचारत होत्या. गाडीवाला अजीमभाऊंच्या ओळखीचा निघाला. "काय सांगू," तो म्हणाला. "नेंडीगुड्याच्या सुना आहेत साऱ्या. हप्ताभर झाला, रोज माहेरी निघून राह्यल्या. सण नाही, लग्न नाही. तिथल्या आश्रमशाळेची पोरं पण घरी गेली. मास्तर पण गेला, त्याचं गाव तर पार लातूरकडं."

घंटी तिथंच वाजत असणार, हे सुकरीला उमगलं. नेंडीगुड्याच्या अलीकडं एक नाला आहे. टेम्पो तिथंच थांबला. अजीमभाऊ म्हणाले, मी गाडीपाशी बसतो, हाक मारा. सुकरी नाला उतरून एकटी वर गेली.

गावात बाई म्हणून दिसेना. एका दारात एक दांडगा गडी चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून बसला होता, दुसऱ्या दारात एक जण भाताचा करपलेला गंज घासत होता. सुकरीनं "डोमा?" असं विचारलं, तर त्यानं गावाच्या टोकाकडं बोट केलं. त्या बोटातच पुष्कळ राग होता.

टोकाला मोहाच्या झाडाखाली डोमा बसला होता. घंटी मांडीवर. दोन्ही हात सुजलेले. त्यानं सुकरीला पाहिलं आणि उठायचा प्रयत्नही केला नाही.

"घ्याले आली?"

"होय."

"मी चोर नाई."

"मध ठेवून गेले तुमी," सुकरी म्हणाली आणि समोर बसली. रागानं बोलायची वाक्यं तिनं वाटेत जुळवून ठेवली होती. ती कुठं गेली कोण जाणे. "पन आमच्या गावात मानसं आपलं घर इसरून राह्यली, डोमाभाऊ. शेजारीन माही बस स्टँडवर बसून होती, गाव सांगता येत नव्हतं तिले."

डोमानं मान खाली घातली. "मले असं ठावं नोयतं."

"काऊन नेली?"

तो थांबत थांबत सांगू लागला. एकच पोरगा. दोन वर्षांमागं मिरचीला गेला. जाताना बापाशी भांडून गेला, भांडण कशाचं तेही आता आठवत नाही. हंगाम संपला, बाकीचे आले, तो आला नाही. फोन लागेना. त्या दिवशी सुकरीच्या अंगणात घंटी ऐकली आणि वाटलं, हीच त्याला आणेल.

"रोज वाजवली. पोरगा आला नाई. गावातल्या सुना गेल्या. माही बायको गेली. म्हातारी झाली ते, माहेरी एक भाऊ तेवढा राह्यला. तरी गेली." त्यानं सुजलेल्या हातांकडं पाहिलं. "मंग नदीवर गेलो. वाजवली. सारे आले. सारे पूल ओलांडून आले. मी एक एक तोंड पाह्यलं. माहा पोरगा नाई आला." त्यानं मांडीवरच्या घंटीकडं पाहिलं. "घंटी तं खोटं बोलत नाई. तो असता तं आला असता. म्हनजे तो नाई राह्यला."

लटारू गेला तेव्हा लोक येऊन काय काय बोलले होते, त्यातलं एकही उपयोगी पडलं नव्हतं, एवढं तिला आठवत होतं. म्हणून ती नुसतीच बसली. मग काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "नाव काय त्याचं?"

"पत्रू."

सुकरीनं मान वर केली. आलापल्लीच्या स्टँडवरची स्वाती, तिची लाल बोटं, तिचं ते हसू, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

"डोमाभाऊ," ती हळू म्हणाली, "तुमच्या पत्रूनं घंटी ऐकली."

डोमानं तिच्याकडं वळून पाहिलं.

"ऐकली त्यानं. टोपली टाकून पळाला. घरीच पळाला तो. पन त्याचं घर आता तिकडं हाये. नदीच्या पल्ल्याड. लगन केलं त्यानं तिकडच्या पोरीसंगं. त्याच्या टोळीतली बाई मले काल भेटली, तिनं आपल्या डोयानं पाह्यलं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. जणू मराठी समजायची बंद झाली. सुकरीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. तिसऱ्यांदा सांगताना ती म्हणाली, "आन् त्याले एक लेक हाये. लहानशी."

"लेक," डोमा म्हणाला.

"होय."

"पत्रूले?"

"पत्रूले."

मग तो रडला. नदीकाठचं रडणं कसं होतं ते सुकरीनं पाहिलं नव्हतं, पण हे तसं नसणार. तो रडता रडता मधेच हसत होता, आणि कोणी बघतंय याची त्याला शुद्ध नव्हती. भांडी घासणारा गडी हात तसेच राखेचे घेऊन धावत आला. डोमानं त्याला माडियात काहीतरी सांगितलं, त्या गड्याच्या चेहऱ्यावरचा राग गळून पडला, आणि तो ते ओरडत गावभर सांगत सुटला. चुली फुंकणारे सगळे पुरुष मोहाखाली जमले. कोणीतरी सुकरीला पाणी आणून दिलं, कोणीतरी करपलेलाच, पण भात आणला.

"दे भाऊ आता," ती शेवटी म्हणाली.

डोमानं घंटी दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिली. देताना लोळा हलला. टोक.

हेच भय सुकरीला वाटेभर होतं. घंटी वाजेल आणि पाय चिमूरकडं वळतील. भावानं विचारलं होतं, इथी कोन हाये तुहं. आणि खरंच कोण होतं? पण पाय वळले, हळूच, आणि तिला शेणानं सारवलेलं अंगण दिसलं. अंगणात चिंच होती. दार उगवतीला होतं, सकाळचं ऊन सरळ चुलीपर्यंत यायचं. गोठ्यात भुरी उभी होती आणि तिच्या श्वासाचा ओला, वैरणीचा वास सुकरीच्या नाकाला लागला. तिथंच मोहाला हात टेकून ती थोडा वेळ उभी राहिली.

निघताना तिनं बाटली डोमापुढं केली. त्यानं ती परत तिच्याच पिशवीत घातली.

परतीला सुकरीनं घंटीत पंच्याचा बोळा कोंबला, वर फडकं गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बसली. आष्टीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं रस्ता खराब, टेम्पो उडत होता, आणि गडचिरोलीनंतर सुकरीचा डोळा लागला. बोळा कधी निसटला ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा संध्याकाळ होत होती, टेम्पो सालईटोल्याचा फाटा कधीच ओलांडून सावलीच्या एका गल्लीत, निळ्या दारापुढं उभा होता. अजीमभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून चक्रावल्यासारखे बसले होते.

"मी इथी कसा आलो?" ते म्हणाले. "मी तर तुमच्याकडं वळत होतो."

दारात त्यांची बायको नाजिया उभी होती. "अरे वा," ती म्हणाली. "या माणसाला बाजार अर्धा टाकून घरी येताना पहिल्यांदा पाहिलं मी."

सुकरीला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. पण हसता हसता तिनं आधी पदराचं टोक घंटीत कोंबलं, कारण नाजियाचं माहेर ब्रह्मपुरीचं होतं. मग घडलेलं सगळं सांगितलं. नाजियानं ऐकता ऐकता भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, आणि जेवण झाल्यावर अंथरूण घालून दिलं. सुकरी पडल्या पडल्या झोपली.

सकाळी ती सालईटोल्याला उतरली तेव्हा प्रफुल गोठ्यांपुढं थकून बसला होता. गुरं बांधलेली होती, माणसंही जवळपास तशीच. लोक दोन-दोन करून, एकमेकांचे हात धरून विहिरीवर जात होते. सुकरीनं आधी भुरीच्या गळ्यात दोरी बांधली, पदराचा बोळा काढला आणि गायीच्या पाठीवर थाप मारली.

भुरी चालू लागली. टोक टोक, टोक टोक. गल्ली ओलांडून, विहारापुढून, विहिरीवरून. गिरजाबाई आपल्या ओट्यावर बसली होती. ती उठली, दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली, मग आत जाऊन चुलीवर चहा ठेवला. खुशालभाऊ हातात पेपर घेऊन दुसऱ्याच कोणाच्या अंगणात बसले होते. त्यांनी पेपर दुमडला, चष्मा काढला आणि मुलाची वाट न बघता, सरळ आपल्या दारात जाऊन उभे राहिले. सुकरी भुरीमागून जाताना ते म्हणाले, "मी अजूनबी मानत नाई, बाई."

"नका मानू, भाऊ," ती म्हणाली.

"पन चहा पिऊन जा."

त्या दिवशी तिला इतक्या घरी चहा झाला की दुपारी ती जेवलीच नाही.

पुढच्या बाजारी अजीमभाऊंनी आपला फोन तिच्या कानाला लावला. पलीकडं डोमा होता, सिरोंच्याच्या पलीकडून, मुलाच्या झोपडीतून. बायकोही सोबत होती. माहेराहून ती आपसूकच परत आली होती, आणि गावातल्या सुनाही, चार दिवस माहेरपण करून. नात आधी आजोबांना पाहून रडली, मग मिशी ओढली. पत्रू पावसाळ्यात बायको-लेकीला घेऊन गावी येणार आहे. डोमा फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होता की सुकरीनं कान जरा लांब धरला. पोरीचं नाव तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं दोनदा विचारलं, दोन्हीदा कळलं नाही. मग ती म्हणाली, "चांगलं हाये नाव," आणि फोन दिला.

दुसऱ्या सकाळी गिरजाबाई तणतणत तिच्या दारी आली. कळपातली एक कालवड तिच्या शेतातल्या बांधीत शिरून लाखोरी खाऊन गेली होती. तिनं सुकरीला, तिच्या गुरांना, गुरांच्या मालकांना, सगळ्यांना धरून झोडपलं. मागल्या सालची आणि त्याच्या मागल्या सालची नासधूसही काढली. शेवटी म्हणाली, "मी आता माह्या घरी जातो, पन पुन्ना असं झालं तं पाह्यजो."

"जा, बाई," सुकरी म्हणाली, आणि ती तरातरा आपल्या घरी जाताना बघत उभी राहिली. मग काठी घेतली, कालवडीला एक ठसठशीत शिवी दिली आणि कळप रानाकडं वळवला.